सिझरनंतर लगेच पुन्हा दिवस राहिले तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या एका प्रसूतिगृहात समुपदेशनाच्या टेबलावर हे प्रश्न रोज येतात. काही तोंडावर विचारले जातात, बरेचसे नवरा खाली मेडिकलमध्ये गेला की. उत्तरं लिहिताना एक सिझर झालेली, एरवी तब्येत ठीक असलेली बाई डोळ्यांसमोर धरली आहे. बीपी, शुगर, जुळी, दोन-तीन सिझर असं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांचं उत्तर वेगळं येईल. तेव्हा त्यांचंच ऐका.

सिझरनंतर किती अंतर ठेवायचं? एक डॉक्टर दीड वर्ष म्हणतात, दुसरे दोन, आणि आशाताई तीन.

तिघंही बरोबर असू शकतात. घोळ होतो तो मोजण्यात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, एका बाळंतपणापासून पुढचे दिवस राहीपर्यंत किमान २४ महिने जाऊ द्या. त्यात नऊ महिने मिळवले की दोन मुलांच्या वाढदिवसांत पावणेतीन वर्षं पडतात. आशाताई तेच गोल करून तीन सांगतात. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना म्हणते, सहा महिन्यांच्या आत दिवस राहणं टाळाच आणि १८ महिन्यांच्या आत राहायचे असतील तर धोके समजून घ्या. हेही बाळंतपण ते गर्भधारणा असंच मोजलेलं आहे.

पण सिझरच्या टाक्यांवरचे बरेच अभ्यास बाळंतपण ते बाळंतपण मोजतात. त्यांतला १८ महिन्यांचा आकडा म्हणजे दिवस राहायला जेमतेम नऊ महिने. समजा, पहिलं बाळ सप्टेंबर २०२४ मध्ये, गणपतीत झालं. या दुसऱ्या मोजणीने पुढचं बाळंतपण मार्च २०२६ नंतर यायला हवं, म्हणजे जून २०२५ मध्ये दिवस राहिले तरी चालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीने मात्र सप्टेंबर २०२६ पर्यंत थांबायचं. आकडे दिसायला जवळचे आणि फरक सव्वा वर्षाचा! म्हणून कुणी अंतर सांगितलं की तिथेच विचारा, ‘दिवस राहीपर्यंत की बाळ होईपर्यंत?’

आम्ही टेबलावर सरळ सांगतो: दोन वर्षं थांबता आलं तर उत्तम, दीड वर्ष चालेल, सहा महिन्यांच्या आत मुळीच नको. मधल्या काळात राहिले, तर अंतराची चर्चा संपली. मग पुढे काय करायचं त्याकडे वळायचं.

पोटावरचा टाका महिन्याभरात भरला. मग एवढं थांबायचं कशाला?

भरली ती कातडी. आत गर्भपिशवीच्या स्नायूवर वेगळा छेद असतो, आणि तो सांधून तिथला व्रण पक्का व्हायला सहा महिने किंवा त्याहून जास्त लागतात. शिवाय थांबायचं ते फक्त टाक्यांसाठी नाही. गरोदरपण, सिझरमधला रक्तस्राव, मग अंगावर पाजणं, यात शरीरातलं लोह आणि कॅल्शियम बरंच खर्ची पडतं. ते भरून निघायच्या आत दुसरं गरोदरपण आलं, तर बाळ वेळेआधी होण्याची आणि कमी वजनाचं होण्याची शक्यता वाढते.

मी बाळाला अंगावर पाजते, अजून पाळी आली नाही. मला दिवस राहणार नाहीत ना?

आमच्याकडे ‘चुकून’ राहिलेल्या बहुतेक गरोदरपणांची गोष्ट इथेच सुरू होते, म्हणून हे उत्तर जरा लांब आहे.

अंगावर पाजण्याने दिवस राहणं लांबतं हे खरं आहे, पण तीन अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तरच. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. पाळी परत आलेली नको. आणि बाळाला निव्वळ अंगावरचं दूध हवं, रात्रीसुद्धा, मध्ये मोठी खंड न पडता. तिन्ही जमलं तर या काळात शंभरात दोघींनाही दिवस राहत नाहीत. यातली एक जरी अट मोडली तरी भरवसा संपला. आपल्याकडे ती कशी मोडते ते बघा. ‘दूध पुरत नाही’ म्हणून वरच्या दुधाची बाटली सुरू होते. तीन महिन्यांनी ऑफिस चालू होतं. बाळ रात्री आजीजवळ झोपायला लागतं. पाचव्या महिन्यात भाताची पेज आणि नाचणीचं सत्त्व येतं. बाई मात्र मनात धरून असते की आपण तर पाजतोय.

दुसरं म्हणजे, बीज आधी बाहेर पडतं आणि पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात. अशा बाईला पाळी चुकल्याचं कळत नाही, कारण ती आलेलीच नसते. न पाजणाऱ्या बाईचं बीज तर बाळंतपणानंतर चार आठवड्यांच्या आतही तयार होऊ शकतं. सव्वा महिना होईपर्यंत जवळ यायचं नाही ही जुनी रीत आहे, पण सव्वा महिन्यानंतर पुढे काय, हे ती रीत सांगत नाही.

पाजत असाल, पाळी आली नसेल, आणि मळमळतंय, दूध एकदम कमी झालंय किंवा बाळ अचानक दूध नाकारतंय असं वाटत असेल, तर मेडिकलमधून प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी आणा आणि सकाळच्या पहिल्या लघवीवर बघा. खर्च फारसा नाही.

बाळ आठ महिन्यांचं आहे आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली. आता काय?

आधी दवाखान्यात या. याच आठवड्यात.

चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिल्यांदा येणाऱ्या बायकांना उशिराचं कारण विचारलं, तर एकच उत्तर मिळतं, ‘डॉक्टर ओरडतील म्हणून आले नाही.’ काही डॉक्टर ओरडतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या चार शब्दांच्या भीतीने पहिले तीन महिने हातचे जातात, आणि लवकर राहिलेल्या गरोदरपणात हेच महिने सगळ्यात मोलाचे. कुणी ओरडलंच तर ऐकून घ्या, नाहीतर डॉक्टर बदला. तपासणी टाळू नका.

लवकर का यायचं? सहाव्या-सातव्या आठवड्यात आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भ कुठे रुजलाय ते दिसतं. क्वचित तो पिशवीच्या वरच्या भागात न रुजता जुन्या सिझरच्या व्रणातच रुजतो. साधारण दोन हजारांत एखादीचं असं होतं, पण वाढू दिलं तर पिशवी फाटून जिवावर बेततं. लवकर सापडलं तर उपचार बराच सोपा असतो, आणि बारा आठवड्यांनंतर ते ओळखणंही अवघड होतं. म्हणून सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘आधी सिझर’ आणि त्याची तारीख लिहिली आहे का बघा. नसेल तर तपासणाऱ्या डॉक्टरांना तोंडाने सांगा.

त्याच सोनोग्राफीत गर्भ किती आठवड्यांचा ते ठरतं. पाळीच आली नसेल तर तारीख काढायला दुसरा मार्ग नाही, आणि पुढचं सिझर कितव्या आठवड्यात करायचं ते याच तारखेवर अवलंबून असतं. सोबत रक्त तपासायचं: हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, रक्तगट. फॉलिक ॲसिडची गोळी त्याच दिवशी सुरू करायची.

एवढं झालं की घरी जाऊन झोपा. आठ-दहा महिन्यांच्या अंतराने राहिलेली बहुसंख्य गरोदरपणं नीट पार पडतात. लक्ष जास्त ठेवावं लागतं, एवढंच.

पिशवी फाटते म्हणतात. खरंच एवढा धोका आहे?

धोका आहे, पण तो कधी आणि किती ते आकड्यांत बघू. एका सिझरनंतर, पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद असलेल्या बायकांनी पुढच्या वेळी कळा घेतल्या, तर दोनशेत साधारण एकीची पिशवी जुन्या टाक्यावर फाटते. कळा सुरू व्हायच्या आधीच ठरवून दुसरं सिझर केलं, तर हे प्रमाण दहा हजारांत दोनच्या आसपास येतं. दोन बाळंतपणांत १८ महिन्यांपेक्षा कमी अंतर असेल आणि कळा घेतल्या, तर धोका दुप्पट-तिप्पट होतो. तिप्पट धरला तरी शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणींना काही होत नाही.

पण ज्या एकीचं फाटतं, तिच्या हातात मिनिटं असतात. म्हणून सगळा आग्रह एकाच गोष्टीचा: कळा येतील तेव्हा तुम्ही कुठे आहात? ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असलेल्या ठिकाणी, की घरी सोफ्यावर ‘अजून बघू’ म्हणत?

मग पुढचं बाळंतपण नॉर्मल होईल का?

होऊ शकतं. एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या बायकांपैकी शंभरात ७२ ते ७५ जणींना ते जमतं. आधी कधी नॉर्मल प्रसूती झालेली असेल तर ८५ ते ९० जणींना. लवकर दिवस राहिले म्हणजे ही वाट बंदच झाली असं नाही, पण डॉक्टर सावध होतात, आणि ते बरोबर आहे. पहिलं सिझर कशासाठी झालं होतं ते आधी बघतात. बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर यावेळी ते कारण असेलच असं नाही. पिशवीचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली आलं नाही म्हणून झालं असेल, तर विचार करावा लागतो.

प्रयत्न करायचा तर बाळाच्या ठोक्यांवर मशीन सतत लावलेलं हवं आणि तातडीच्या सिझरची तयारी चोवीस तास हवी. पुण्यातलं प्रत्येक छोटं नर्सिंग होम रात्री दोन वाजता हे करू शकत नाही. जे डॉक्टर ‘आमच्याकडे ही सोय नाही, दुसरीकडे जा’ असं तोंडावर सांगतात ते प्रामाणिक आहेत, त्यांच्यावर रागावू नका. ‘बघू, आयत्या वेळी ठरवू’ म्हणणाऱ्यांना मात्र दोन प्रश्न जास्त विचारा.

कळा आणण्यासाठी घरी एरंडेल पिणं, कुणी दिलेली गोळी घेणं, यातलं काहीही नको. सिझर झालेल्या पिशवीवर कळांच्या काही गोळ्या दवाखान्यातसुद्धा टाळतात.

ठरवून सिझर करायचं असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल, तर ते साधारण ३९ व्या आठवड्यात करतात. मुहूर्त काढायचाच असेल तर त्यानंतरच्या दिवसांतला काढा. गुरुजींना सदतिसाव्या आठवड्यातला दिवस आवडला म्हणून बाळाला काचेच्या पेटीत ठेवायची वेळ आणू नका.

पहिल्या सिझरच्या कागदांत नेमकं काय बघायचं?

डिस्चार्ज कार्डाच्या मधल्या भागात ऑपरेशनच्या दोन-तीन ओळी असतात. तिथे ‘एलएससीएस’ ही अक्षरं शोधा. याचा अर्थ पिशवीच्या खालच्या भागातला छेद. बहुतेकींचा हाच असतो आणि पुढच्या खेपेला हाच सगळ्यात सुरक्षित. ‘क्लासिकल’ किंवा ‘इनव्हर्टेड टी’ असं लिहिलेलं दिसलं तर त्यावर पेनने गोल करा. वरच्या जाड स्नायूत उभा छेद गेला असेल तर पुढच्या वेळी कळा अजिबात घ्यायच्या नसतात, सिझरही लवकर, साधारण ३६-३७ व्या आठवड्यात ठरवतात. पोटावरचा आडवा व्रण बघून आतला छेद कळत नाही. बाहेर आडवा आणि आत उभा असं असू शकतं.

मग कारण बघा. रक्त किती गेलं, रक्त चढवलं होतं का, नंतर ताप किंवा टाक्यात पू झाला होता का, तेही बघा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर अँटी-डीचं इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटाचा त्रास होऊ नये म्हणून देतात ते) दिल्याची नोंद शोधा.

फाइल सापडत नसेल तर जिथे सिझर झालं तिथल्या रेकॉर्डमधून प्रत मागा. तो तुमचा हक्क आहे. आणि एकदा मिळाली की मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. कसब्यातला वाडा सोडून धायरीत फ्लॅट घेताना पहिली जाते ती हीच फाइल.

सोनोग्राफीत टाक्याची जाडी पातळ आली. आता पिशवी फाटणार का?

फक्त त्या आकड्यावरून तसं सांगता येत नाही. इतक्या मिलिमीटरच्या खाली धोका आणि वर निर्धास्त, अशी सगळीकडे मान्य असलेली रेषा नाही. मोजणाऱ्याच्या हाताप्रमाणे आकडा बदलतो. डॉक्टर तो बाकीच्या गोष्टींबरोबर धरतात. तुम्ही रात्री मोबाइलवर त्याचा अर्थ शोधत बसू नका.

वार (प्लॅसेंटा) टाक्याला चिकटते म्हणजे काय?

वार पिशवीच्या खालच्या भागात, तोंडावर येऊन बसली आणि तिथेच जुना व्रण असला, तर ती स्नायूत घुसू शकते. बाळ झाल्यावर मग ती सुटत नाही आणि रक्तस्राव आवरत नाही. आधी एक सिझर आणि आता वार पिशवीच्या तोंडावर, अशा शंभर बायकांत साधारण ११ जणींची चिकटलेली निघते. आधी दोन सिझर असतील तर शंभरात ४०. पुढच्या प्रत्येक सिझरला हा आकडा चढतो, म्हणून तिसऱ्या मुलाचा विचार करताना हे डोक्यात असू द्या.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते मुद्दाम विचारा. खाली असेल तर पुन्हा बघतात. बऱ्याचदा पिशवी वाढते तशी ती वर सरकते. सरकली नाही तर बाळंतपण रक्तपेढी आणि अतिदक्षता विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयात ठरवायचं. तिथे घराजवळचा दवाखाना, ओळखीचे डॉक्टर वगैरे विचार बाजूला ठेवा.

सासूबाई म्हणतात, गरोदरपणी पाजलं तर ते दूध मोठ्याला बाधतं, तो सुकतो.

दूध बाधत नाही. मोठं मूल सुकतं ते दुसऱ्या कारणाने, आणि सासूबाईंनी ते डोळ्यांनी पाहिलेलं असू शकतं. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास दूध आपोआप कमी होतं, चवही बदलते. त्याच वेळी घरातल्यांचं लक्ष उडतं आणि मुलाचं वरचं खाणं तेवढं वाढवलं जात नाही. मग वजन थांबतं.

म्हणून दूध तोडायची घाई नको, पण वजनकाट्यावर लक्ष हवं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच सांगा. त्याला दूध कमी पडलं तर दुसरी सोय करावी लागेल. त्याहून मोठं असेल तर मऊ वरणभात, त्यावर तूप, अंडं, नाचणी, केळं, दिवसातून चार-पाच वेळा. तुम्हाला रक्तस्राव होत असेल किंवा वेळेआधी कळा येण्याची भीती असेल, तर पाजणं थांबवायचं का ते डॉक्टरांना विचारा.

मोठ्याला कडेवर घेतलं तर चालेल?

चालेल. दहा किलोचं मूल घेऊन तीन जिने चढू नका. बसून मांडीवर घ्या, उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाका.

रक्त कमी आहे सांगितलं. खजूर, बीट, डाळिंब चालू आहे. पुरेल?

नाही पुरणार. खजूर खा, पण गोळी तीच खरी. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, आणि पाठोपाठच्या गरोदरपणात ते नऊ-दहावर आलेलं आम्ही नेहमी बघतो. सरकारी कार्यक्रमात लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. बाळंतपणानंतरच्या गोळ्या पंधरा दिवसांत कपाटात जातात, ही खरी अडचण आहे. गोळी चहाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही नको. मध्ये दोन तास जाऊ द्या. लिंबूपाण्याबरोबर घेतलीत तर चांगलं. शौचाला काळं होतं, घाबरू नका. गोळी सोसतच नसेल तर सलाइनमधून लोह देता येतं. अळिवाची खीर हवी तर जरूर घ्या, गोळीच्या जागी नाही.

आम्हाला हे मूल आत्ता नकोय. काय करता येईल?

कायद्याने गर्भपात करता येतो. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, आणि गर्भनिरोधक अपयशी ठरलं हे कारण २०२१ च्या दुरुस्तीनंतर लग्न झालेल्या-न झालेल्या दोघींनाही चालतं. सज्ञान बाईची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची किंवा सासूची सही कायदा मागत नाही. नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

मेडिकलमधून परस्पर किट आणून घेऊ नका. सिझर झालेल्या बाईने तर नाहीच. गर्भ व्रणात किंवा नळीत असेल तर त्या गोळ्यांनी तो पडत नाही, आणि होणारा रक्तस्राव घरी आवरत नाही. आधी सोनोग्राफी, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या. त्या नऊ आठवड्यांपर्यंतच देतात, म्हणून इथेही लवकर येणं कामी येतं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीबद्दल विचारा. आणि त्याच भेटीत पुढच्या वेळी काय वापरणार ते ठरवूनच बाहेर पडा.

पहिली मुलगी आहे. घरचे म्हणतात, लगेच दुसरा चान्स घ्या.

तुमच्या पोटावर अजून टाके ओले आहेत हे त्यांना आमच्या तोंडून ऐकायचं असेल तर त्यांना घेऊन या. आम्ही सांगू, तुम्हाला वाईटपणा नको. गर्भलिंग तपासणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तशी विचारणा करायला कुणी आलं, तर आमच्याकडे त्याला चहासुद्धा मिळत नाही.

माझं वय ३६ आहे. दोन वर्षं थांबायला वेळ कुठाय?

हा प्रश्न रास्त आहे. २०१८ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या जवळपास दीड लाख गरोदरपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपण ते गर्भधारणा १२ ते २४ महिन्यांचं अंतर बरं ठरलं, आणि सहा महिन्यांचं अंतर सगळ्याच वयांत वाईट. पस्तिशीपुढच्या बायकांत आईच्या जिवाला असलेला धोका जास्त दिसला, म्हणजे वय जास्त म्हणून घाई करणंही बाधतंच. बाळ वर्षाचं झालं की तपासणीला या. रक्त, शुगर, बीपी बघून, गोळ्या सुरू करून, मग प्रयत्न करा.

सिझर होऊन बाळ गेलं. आम्हाला लवकर मूल हवंय.

ही घाई समजते. ‘सहा महिन्यांनी चालेल’ असा सल्ला तुम्ही ऐकला असेल. तो गर्भपातानंतरचा आहे. तुमच्या पिशवीवर टाके आहेत आणि पाळण्यात बाळ नाही म्हणून ते लवकर भरत नाहीत. निदान वर्ष जाऊ द्या. मधल्या काळात बाळ का गेलं ते शोधायच्या तपासण्या पूर्ण करा. आणि अंगावर पाजणं नसल्याने बीज लवकर सुरू होतं, म्हणून तोवर काहीतरी वापरायला विसरू नका.

अंतर ठेवायचं तर काय वापरावं?

सगळ्यात सोपं म्हणजे सिझरच्या वेळीच वार काढल्यावर तांबी बसवून घेणं. वेगळी खेप नाही, वेगळं दुखणं नाही. त्यासाठी आधी संमती द्यावी लागते, म्हणून नववा लागला की डॉक्टरांशी बोला. राहून गेलं तर सहा आठवड्यांनी बसवता येते. पाच वर्षांची आणि दहा वर्षांची असे दोन प्रकार असतात, हवं तेव्हा काढता येते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. सिझरमध्ये बसवलेल्या तांबीचा दोरा सुरुवातीला हाताला लागत नाही. सोनोग्राफीत दिसली की झालं.

‘अंतरा’ इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा, पाजत असाल तर सहा आठवड्यांनंतर. पाळी अनियमित होते, थांबतेही. बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जास्त लागतात. ‘छाया’ गोळी पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. लखनऊच्या प्रयोगशाळेत शोधलेली, आणि पाजणाऱ्या बाईला चालते. ही सगळी साधनं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. ‘माला-एन’सारख्या नेहमीच्या गोळ्या मात्र पाजत असाल तर पहिले सहा महिने नको. निरोध चांगलाच, प्रत्येक वेळी वापरला तर.

कुटुंब पूर्ण झालं असेल तर नवऱ्याची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे. त्यानंतर तीन महिने दुसरं साधन वापरायचं, एवढं पाळा. हे सांगितलं की समोरचा गृहस्थ मोबाइल काढतो, पण आम्ही सांगत राहतो.

पट्टा, शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, यांनी आतले टाके लवकर भरतात का?

नाही. पट्ट्याने कमरेला आधार वाटतो, वापरा. शेगडीची धग आणि धूर टाक्यापासून आणि बाळापासून लांब ठेवा. लाडू दोन खा, सहा नको.

बाळंतपणाला माहेरी जाऊ का? माहेर वेल्ह्याच्या पुढे आहे.

पहिलं नॉर्मल असतं तर मी अडवलं नसतं. आता सिझरच्या टाक्यांवर, तेही कमी अंतराने, शेवटचे सहा आठवडे थिएटर आणि रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत राहा. आईला इकडे बोलवा. पुण्यात राहूनही रस्त्याचा हिशेब करा. संध्याकाळी वाघोलीतून किंवा कात्रज-कोंढवा रस्त्यावरून निघालात तर नकाशावरची वीस मिनिटं खरी धरू नका. १०८ नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

खर्च झेपणार नाही. सरकारी दवाखाने कुठले? आणि ऑफिसची सुट्टी पुन्हा मिळेल?

स्टेशनजवळचं ससून, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम. सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं आणि रक्त यांचा खर्च जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते. त्या दिवशी गर्दी फार, सकाळी लवकर जा.

सुट्टी: दोन मुलांपर्यंत २६ आठवडे भरपगारी मिळते, दोघांत अंतर कमी असलं तरी. अट अशी की बाळंतपणाच्या तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. पहिल्या रजेवरून नुकत्याच रुजू झाला असाल तर एचआरकडून दिवस मोजून घ्या.

कधी थांबायचं नाही, थेट निघायचं?

पहिल्या तीन महिन्यांत: एका बाजूला पोटात कळ, रक्तस्राव, चक्कर, खांद्यात दुखणं. नंतरच्या महिन्यांत: अंगावरून रक्त जाणं, मग ते दुखत नसलं तरी. पाणी जाणं. बाळाची हालचाल कमी होणं. जुन्या टाक्यावर सतत दुखणं, जे दोन कळांच्या मधेही थांबत नाही. चालू असलेल्या कळा एकदम बंद होऊन घाबरंघुबरं वाटणं. यातलं काहीही झालं तर काही खाऊ नका, फाइल उचला आणि निघा. फोन वाटेत करा.

पहिल्या तपासणीला काय आणायचं?

जुनं डिस्चार्ज कार्ड, आधीच्या सोनोग्राफी, रक्तगटाचा कागद, सध्या चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, शेवटची पाळी आली असेल तर तिची तारीख. मोठ्याला सांभाळायला कुणी नसेल तर त्यालाही घेऊन या. काटा इथे आहेच, त्याचंही वजन होऊन जाईल.